स्थिर चित्रांची चाल

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात जुन्या काळाची ओळख करून देणारा एक कार्यक्रम झाला. त्यात सुमारे शंभर वर्षांपूर्वीची एक मूक चित्रफीत सभागृहातील पडद्यावर दाखविण्यात आली. बाजारपेठेचा रस्ता, त्यावरून जाणारे टांगे, पागोटे बांधलेले गृहस्थ, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया आणि पाठीवर पोती वाहणारे हमाल, असे तिच्यातील साधे दृश्य होते. परंतु चित्रफीत सुरू झाली मात्र, आणि सभागृहात हशा पिकला. पडद्यावरील माणसे चालत नव्हती, तुरुतुरु पळत होती. नमस्कारासाठी हात जोडीत तेही किल्लीच्या बाहुल्यांप्रमाणे, हिसका देऊन. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

कार्यक्रम संपल्यावर आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी, वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेले गृहस्थ, आमच्यापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, माझे आजोबा त्याच काळातले. त्यांचे बोट धरून मी या गावात हिंडलो आहे. ते असे चालत नसत."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, परंतु ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. पडद्यावरील माणसे खरीच होती. कॅमेऱ्यानेही खोटे काही टिपले नव्हते. मग जे कधी घडलेच नाही ते आपणांस दिसले कसे? दोष यंत्राचा, डोळ्यांचा, की दाखविणाऱ्याचा? या प्रश्नाचा शोध आम्ही व आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी मिळून घेतला. त्याचीच ही हकीकत आहे.

पडद्यावर हालचाल नसतेच

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, चित्रपटात हालचाल नावाची वस्तूच नसते. जुनी चित्रफीत हातात धरून उजेडासमोर पाहिली, तर तिच्यावर एकाखाली एक अशी लहान लहान स्थिर चित्रे दिसतात. शेजारच्या दोन चित्रांत फरक इतका थोडा असतो की, तो शोधून काढावा लागतो. एका चित्रात गड्याचा पाय जमिनीपासून बोटभर वर, तर पुढच्या चित्रात दोन बोटे वर, एवढेच.

ही फीत प्रक्षेपक यंत्रातून सलग सरकत जाते असे पुष्कळांना वाटते. परंतु ते खरे नव्हे. एक चित्र भिंगासमोर येऊन क्षणभर अगदी स्तब्ध उभे राहते व त्यावरून प्रकाश पडद्यावर जातो. मग एक झडप आड येऊन प्रकाश अडविते, आणि त्या अंधारात दुसरे चित्र खाली ओढले जाते. झडप दूर होते व नवे चित्र दिसते. बोलपटात हा प्रकार सेकंदाला २४ वेळा घडतो. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात आपण १,७२,८०० स्थिर चित्रे पाहतो, आणि फितीच्या यंत्रावर खेळ चालू असता जवळजवळ निम्मा वेळ पडदा काळाच असतो. तरीही आपणांस ना अंधार जाणवतो, ना चित्रांची संख्या. आजच्या बहुतेक चित्रपटगृहांत फीत राहिली नसून संगणकीय प्रक्षेपक आले आहेत. त्यांत फीत ओढावी लागत नाही. पण एकामागून एक स्थिर चित्रे दाखविण्याचे मूळ तत्त्व तेच आहे.

अलातचक्र

मग हालचाल दिसते ती कोठे? याचे नेहमी दिले जाणारे उत्तर 'दृष्टिसातत्य' या शब्दात सांगतात. डोळ्यांवर पडलेल्या प्रकाशाचा ठसा प्रकाश गेल्यावरही अल्पकाळ टिकतो, हा त्याचा अर्थ. घरी हा प्रयोग सहज करता येईल. वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, अंधाऱ्या खोलीत, पेटलेली उदबत्ती हातभर अंतरावर धरून गोल फिरवा. हळू फिरविल्यास एक लाल ठिपका फिरताना दिसेल. वेगाने फिरविल्यास ठिपका नाहीसा होऊन लाल कडे दिसेल. आपल्या पूर्वजांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पेटत्या कोलिताच्या या वर्तुळास ते 'अलातचक्र' म्हणत, आणि दिसणे व असणे यांतील भेद समजाविण्यासाठी तत्त्वज्ञांनी हाच दाखला योजिला आहे. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकांतील चौथ्या प्रकरणाचे नावच मुळी 'अलातशांति' असे आहे.

परंतु थोडा विचार केला म्हणजे या उत्तरातील उणीव दिसून येते. उदबत्तीच्या प्रयोगात ठसे एकमेकांवर साचले आणि परिणाम काय झाला? ठिपका हलताना दिसावयाचे थांबला व स्थिर कडे दिसू लागले! चित्रपटातही केवळ ठसेच साचत असते, तर चालणाऱ्या माणसाच्या जागी अनेक पायांचा एक गोंधळ दिसला असता. तेव्हा डोळ्यांवर टिकणारा ठसा हे कारण पुरेसे नाही. याहून निराळे असे काही घडत असले पाहिजे.

ते काय, याचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे माक्स व्हर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने केला व १९१२ साली तो प्रसिद्ध केला. त्याचा प्रयोग फार साधा होता. थोड्या अंतरावरील दोन रेषा त्याने एकीमागून एक क्षणभर दाखविल्या, आणि दोहोंमधील काळ कमीअधिक करून पाहिला. हा काळ सेकंदाचा सुमारे पाचवा भाग असता, आधी एक रेषा व मग दुसरी रेषा, असे पाहणाऱ्यास स्वच्छ दिसे. तो सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाइतका अल्प केला, तर दोन्ही रेषा एकदमच दिसत. परंतु यांच्या मधल्या काळात, सेकंदाच्या सोळाव्या भागाच्या आसपास, एक नवल घडे. दोन रेषा न दिसता एकच रेषा एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलेली दिसे! मधल्या जागेत काहीही दाखविलेले नसता पाहणाऱ्याच्या मेंदूने तो प्रवास स्वतः रचलेला असे.

चित्रपटाचे मर्म हे असे आहे. डोळा 'येथे' आणि 'तेथे' एवढेच सांगतो. 'येथून तेथे गेला' हे वाक्य मेंदू पुरे करतो. म्हणून पडद्यावरील गती ही अर्धी यंत्राची व अर्धी पाहणाऱ्याची असते.

दोन निराळे प्रश्न

चित्रपट 'गुळगुळीत' दिसतो की 'धक्के खात' दिसतो, असे आपण सहज बोलतो. पण या बोलण्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. एक गोष्ट लुकलुकण्याची आणि दुसरी हालचालीच्या सलगपणाची.

लुकलुक ही उजेड व अंधार यांच्या आलटापालटीने होते. सेकंदाला १६ वेळा उजेड व अंधार झाला, तर डोळ्यांस तो असह्य होतो. हा आकडा पन्नाशीच्या घरात नेला, म्हणजे अंधाऱ्या सभागृहातील मंद पडद्यावर तरी उजेड अखंड वाटू लागतो. पडदा जितका अधिक तेजस्वी, तितकी लुकलुक अधिक जाणवते व ती घालविण्यास उघडझापही अधिक लागते. समोर पाहण्यापेक्षा डोळ्यांच्या कडेने पाहताना ती लवकर ध्यानात येते, हेही ताडून पाहण्याजोगे आहे.

हालचालीच्या सलगपणाला मात्र इतकी संख्या लागत नाही. सेकंदाला दहाबारा चित्रे दाखविली की साध्या हालचाली जुळू लागतात. हाताने काढलेल्या व्यंगपटांत सेकंदाला १२ च चित्रे काढून प्रत्येक चित्र दोनदा टिपण्याची रीत प्रसिद्ध आहे. वहीच्या कोपऱ्यात एका खाली येणाऱ्या चेंडूची २४ चित्रे काढून पाने अंगठ्याखालून सोडून पाहा. चार सेकंदांत सोडली तर चित्रे सुटी दिसतात. दोन सेकंदांत सोडली तर चेंडू पडू लागतो. एका सेकंदात सोडली तर तो ओघाने पडतो.

चित्रांची संख्या न वाढविता लुकलुक कशी घालवावी? येथे यंत्र बनविणाऱ्यांनी मोठी सोपी युक्ती काढली. प्रक्षेपकातील झडपेला त्यांनी एकाऐवजी दोन किंवा तीन पाती बसविली. तीन पात्यांची झडप एकच चित्र तीनदा दाखविते. १६ चित्रे प्रत्येकी तीनदा म्हणजे ४८ उघडझापा. २४ चित्रे प्रत्येकी दोनदा म्हणजेही ४८. चित्रे तेवढीच, फीत तेवढीच, पण लुकलुक गेली.

चोवीसच का?

आता साहजिकच प्रश्न येतो की, सेकंदाला २४ हाच आकडा कोणी व का ठरविला. हा आकडा डोळ्यांसाठी ठरविलेला नाही, कानांसाठी ठरविलेला आहे!

आरंभी या बाबतीत एकवाक्यता नव्हती. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात तयार झालेल्या, एका वेळी एकानेच डोकावून पाहावयाच्या पेटीत सेकंदाला सुमारे ४० चित्रे धावत. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे पैसे घेऊन चित्रपट दाखविला, तेव्हा त्यांच्या यंत्राची गती सेकंदाला सुमारे १६ चित्रे होती. त्यांचेच खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईस वॉटसन हॉटेलात झाले व चित्रपट आपल्या देशात आला. १६ चित्रांत फीत कमी लागे, आणि यंत्राचा दांडा हाताने फिरविणाऱ्यास सेकंदाला दोन फेरे हा हिशेब सोयीचा होता. एका फेऱ्यास ८ चित्रे, म्हणून दोन फेऱ्यांस १६.

परंतु हात तो हातच. कोणी सावकाश फिरवी, कोणी घाईने. चित्रण करणारा एक, दाखविणारा दुसरा. विनोदी चित्रपट काढणारे तर मुद्दाम दांडा हळू फिरवीत, म्हणजे दाखविताना पात्रे अधिक लगबगीने धावत. तेव्हा मूकपटांतील सगळीच घाई चुकीने आलेली नाही. काही हेतुपूर्वक केलेली आहे, हेही सांगितले पाहिजे.

चित्रांची संख्या आणि काळ यांचा हा खेळ आपल्याकडे प्रथम ज्यांनी उत्तम ओळखला, ते दादासाहेब फाळके. ते आमच्या बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. पौराणिक चित्रपट काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरून, ठराविक अंतराने त्याचे एकेक चित्र टिपले व अनेक दिवसांची वाढ पडद्यावर अल्पावधीत घडवून दाखविली. 'अंकुराची वाढ' या नावाने ते चित्रण ओळखले जाते. हळू टिपून वेगाने दाखविले की काळ आक्रसतो, या नियमाचे याहून सुंदर उदाहरण नाही. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला.

पुढे १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकेत चित्राला आवाजाची जोड मिळाली, आणि हाताच्या लहरीवर यंत्र चालविणे अशक्य झाले. याचे कारण संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस तत्काळ पटेल. समजा, सेकंदाला १६ चित्रांच्या गतीने एखाद्याचे गाणे चित्रित केले आणि २४ च्या गतीने दाखविले. चित्र दीडपट वेगाने जाईल व स्वराची कंपनसंख्याही दीडपट होईल. दीडपट म्हणजे काय? गायकाने लावलेला षड्ज आपणांस पंचम होऊन ऐकू येईल! गतीत लहानसा चढउतार झाला, तरी सूर हेलकावे खाईल. डोळा पुष्कळ क्षमा करतो. कान करीत नाही. म्हणून यंत्राला विजेची मोटर लावून गती कायमची बांधून टाकावी लागली. ती मिनिटाला ९० फूट फीत अशी ठरली. फितीच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे मिनिटाला १,४४० व सेकंदाला २४ चित्रे. त्या सुमारास चित्रपटगृहांत मूकपट याच्या आसपासच्या गतीने दाखविले जात होते, आणि आवाज पुरेसा स्वच्छ उमटण्यास ही गती चालण्यासारखी होती.

हिशेबाची दुसरी बाजू पैशाची. हजार फुटांची गुंडाळी ९० फुटांच्या गतीने ११ मिनिटे पुरते. सेकंदाला ४८ चित्रे घेतली असती, तर तीच साडेपाच मिनिटांत संपली असती व खर्च दुप्पट झाला असता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट आला. पुढच्या वर्षी, म्हणजे १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट मराठीत आणला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. परंतु दोन हरिश्चंद्रांमध्ये पडद्यावरील काळाचे माप बदलून गेले होते.

ओघ कशाने येतो?

चोवीस चित्रे सलग हालचालीला पुरतात असे आपण म्हटले. पण सर्वच हालचालींना ती सारखी पुरत नाहीत. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार सेकंदाला ५ मीटर जातो. दोन चित्रांच्या मधल्या काळात तो सुमारे २१ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. दूरवर असता ही उडी पडद्यावर कळत नाही. तोच कॅमेऱ्याजवळून आडवा गेला, तर उडी मोठी होते व तो धक्के खात गेल्यासारखा दिसतो. कॅमेराच झपाट्याने डावीकडून उजवीकडे वळविला, तर झाडे, खांब, घरे सारीच थरथरत सरकतात. म्हणून कॅमेरा चालविणाऱ्यांत असा एक संकेत आहे की, वस्तूस पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावयास सुमारे ७ सेकंद लागावेत.

या उड्या जुळवून घेण्यास एका गोष्टीचे साहाय्य होते, आणि ती म्हणजे चित्राचा अस्पष्टपणा. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र बहुधा सेकंदाच्या ४८ व्या भागाइतका वेळ प्रकाश घेते. तेवढ्यात आपला सायकलस्वार १० सेंटिमीटर सरकतो व त्याची कडा पुसट उमटते. कोणताही चित्रपट पळापळीच्या प्रसंगी थांबवून पाहा, धावणाऱ्याचे हातपाय धुरासारखे दिसतील. ही पुसटता चित्राचा दोष वाटतो, परंतु तीच दोन चित्रांना सांधते. मातीच्या बाहुल्या थोड्या थोड्या हलवून काढलेल्या चित्रपटात ही पुसटता नसते. प्रत्येक चित्र लख्ख असते, आणि म्हणूनच बाहुल्यांची चाल किंचित तुटक भासते.

मेंदूची जुळणी कधी फसतेही. टांग्याचे चाक पडद्यावर उलटे फिरताना सर्वांनी पाहिले असेल. चाकाला १२ आरे आहेत व भरधाव टांग्याचे ते चाक सेकंदाला दोन फेरे घेते, असे समजू. मग सेकंदाला २४ आरे एका जागेवरून जातील. म्हणजे प्रत्येक नव्या चित्रात मागच्या आऱ्याच्या जागी नेमका पुढचा आरा उभा असेल. सारे आरे सारखेच, म्हणून चाक थांबलेले दिसेल! गती किंचित कमी असेल, तर आरा त्या जागेच्या थोडा अलीकडे राहील, आणि मेंदू सर्वांत जवळचा मार्ग धरून 'चाक मागे फिरले' असा निकाल देईल.

तर मग चित्रे वाढवावीत, हे ओघाने आलेच. २०१२ साली पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने 'द हॉबिट' हा चित्रपट सेकंदाला ४८ चित्रांनी काढला, आणि अँग ली याने २०१६ व २०१९ साली १२० चित्रांचे प्रयोग केले. हालचाल निःसंशय अधिक स्वच्छ झाली. तरी पुष्कळ प्रेक्षकांना ती रुचली नाही. चित्रपट न वाटता दूरदर्शनवरील कार्यक्रम पाहत आहोत, रंगभूषा व देखाव्याचे सामान उघडे पडले आहे, असे त्यांना वाटले. इतरांना मात्र ती स्पष्टता आवडली. चोवीस चित्रांची सवय आपणांस इतकी जडली आहे की, तिच्यातील थोडासा तुटकपणाच आपण 'चित्रपटाची खूण' समजतो. याउलट क्रिकेटच्या सामन्यात किंवा संगणकावरील खेळात ५० वा ६० चित्रे आपणांस हवीशी वाटतात. कारण तेथे चेंडू नेमका कोठे आहे हे कळणे महत्त्वाचे असते.

आजच्या कित्येक दूरचित्रवाणी संचांत तर अशी सोय असते की, दोन चित्रांच्या मधली चित्रे संच स्वतःच अंदाजाने रचून घालतो. घरी चित्रपट अकारण गुळगुळीत दिसू लागल्यास त्याचे कारण बहुधा हेच असते. काही दिग्दर्शकांनी याविरुद्ध तक्रार केली, आणि २०१९ साली असे फेरफार बंद ठेवणारी एक 'फिल्ममेकर मोड' नावाची योजना संचांसाठी जाहीर झाली.

पोत्याची साक्ष

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या सभागृहात काय झाले होते? लुकलुक नव्हती. हालचालीत फारसा तुटकपणाही नव्हता. तरी चाल खोटी होती. म्हणजे सलगपणा ही एक गोष्ट व खरेपणा ही दुसरी. सोळाच्या आसपास टिपलेली चित्रे कोणीतरी चोवीसच्या गतीने उतरवून घेतली होती; त्यामुळे एका मिनिटाचे जीवन ४० सेकंदांत उरकले जात होते. मिनिटाला १०० पावले टाकणारा मनुष्य १५० पावले टाकीत होता.

परंतु ती चित्रे १६ च्याच गतीने टिपलेली होती हे कशावरून? तेथे दांडा फिरविणारा हात आज नाही आणि त्याने लिहून ठेवलेले टिपणही नाही. या अडचणीतून आमच्या एका विद्यार्थिनीने वाट काढली. ती म्हणाली, "सर, माणसं हळू किंवा भरभर चालू शकतात, पण खाली पडणारी वस्तू आपल्या मनानं हळू-भरभर पडत नाही."

गुरुत्वाकर्षणाचा नियम त्या काळी जो होता तोच आज आहे. चित्रफितीत एक हमाल पाठीवरचे पोते जमिनीवर सोडतो. त्याच्या उंचीवरून पोते सुमारे सव्वा मीटरवरून सुटले असावे असा अंदाज आम्ही केला. पुस्तकातील सूत्राप्रमाणे सव्वा मीटर पडावयास अर्धा सेकंद लागतो. संगणकावर एकेक चित्र पुढे सरकवीत आम्ही मोजले. पोते सुटल्यापासून जमिनीस टेकेपर्यंत ८ चित्रे झाली. अर्ध्या सेकंदात ८, म्हणून सेकंदाला १६! २४ च्या गतीने टिपले असते, तर १२ चित्रे भरली असती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक हमालाने आमच्यासाठी जणू घड्याळच लावून ठेवले होते.

ती माणसे बाहुल्यांसारखी का दिसली, तेही या हिशेबाने उलगडले. काळ दोन-तृतीयांश झाला, की पडणाऱ्या वस्तूचे त्वरण दीडचा वर्ग, म्हणजे सव्वादोन पट दिसते. जणू ती माणसे सव्वादोन पट जड अशा पृथ्वीवर वावरत होती! पाऊल उचलताच ते आपटे, पदर उडताच खाली येई. आपला डोळा गणित जाणत नाही, पण असे काही दिसले की ते आपल्या जगातील नव्हे हे त्यास कळते. आणि त्याचे आपणांस हसू येते.

पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या चित्रफितींचेही असेच झाले होते. पुढे २०१८ साली पीटर जॅक्सन याने 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' हा चित्रपट केला, तेव्हा त्या फितींची मूळ गती शोधून ती सुधारून घेतली. त्यासाठी मधली चित्रे संगणकाने रचावी लागली. ती चित्रे अंदाजाची हे खरे. परंतु चाल मात्र त्या सैनिकांची त्यांना परत मिळाली.

आम्हीही आमच्या चित्रफितीची गती दोन-तृतीयांशावर आणली, आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती पुन्हा दाखविली. त्या वृद्ध गृहस्थांना मुद्दाम बोलावले होते. या वेळी कोणी हसले नाही. टांगा आपल्या चालीने गेला. पाटी घेतलेली बाई थकलेली होती, हे प्रथमच दिसले. हमालाने पोते टाकून कंबर सरळ केली व क्षणभर श्वास घेतला. तो श्वास पहिल्या खेळात आम्ही पाहिलाच नव्हता. पागोटे बांधलेल्या एका गृहस्थाने कॅमेऱ्याकडे वळून सावकाश हात जोडले. सभागृहातील दोन-तीन मुलांचे हात नकळत जोडले गेले. आजोबा काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी त्या विद्यार्थिनीच्या डोक्यावर हात ठेवला.

विद्यार्थी मित्रहो, आज तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मोबाइलचा कॅमेरा आहे. सेकंदाला १२० किंवा २४० चित्रे टिपून काळ लांबविण्याची सोय त्यांतील कित्येकांत आहे. फाळक्यांनी कुंडीतल्या रोपासाठी जे कष्ट घेतले, ते काम तुमच्या बोटाच्या एका स्पर्शाने होते. या साधनाने खेळ अवश्य करा. पडणारा चेंडू, फडफडणारे पाखराचे पंख, नळाचे थेंब टिपून पाहा व मोजा. मात्र जुन्या माणसांचे एखादे चित्रण हाती आले आणि ती हास्यास्पद दिसली, तर हसण्यापूर्वी एकदा विचारा की, ही चाल त्यांची आहे की आपल्या यंत्राची? मग तीत पडणारी एखादी वस्तू शोधा आणि चित्रे मोजावयास बसा.